शुल्क घ्या, पण तपासणी करून दाखवा

छोट्या दुकानदाराच्या परवान्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : वर्षाचे दोन-चार हजार रुपये, त्याचं एवढं काय? गाळ्याचं भाडं महिन्याला वीस हजार, वीजबिल वेगळं, कामगारांचा पगार वेगळा. त्यात परवान्याची रक्कम ती केवढी! असं म्हणणारे बहुतेक लोक प्रामाणिकपणे म्हणतात आणि पावतीवरचा आकडा पाहिला तर त्यांचं म्हणणं खरंही आहे. माझा आक्षेप त्या आकड्यावर नाही. त्या पावतीच्या बदल्यात दुकानदाराला, गिऱ्हाइकाला आणि शहराला काय मिळालं, हे सांगायला आपल्याकडे कोणीही बांधील नाही. माझी तक्रार ही आहे, आणि ती दोन हजारांपेक्षा बरीच मोठी आहे.

एखाद्या मध्यम शहरात एक बाई पोळीभाजी केंद्र काढते असं धरू. आठ बाय बाराचा गाळा, हाताखाली दोन बायका, सकाळी साडेसहाला तवा तापतो आणि दुपारी दोनपर्यंत उसंत नसते. तिला कायद्याने काय काय लागतं?

पहिलं दुकान नोंदणीचं. ज्याला अजूनही सगळे ‘गुमास्ता’ म्हणतात, तो १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा जाऊन डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा लागू झाला. त्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. शुल्क नाही, नूतनीकरण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. हा बदल खरोखर चांगला आहे आणि सरकारला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. अडचण पुढे येते. चालू खातं उघडायला बँक ‘गुमास्ता लायसन्स’ मागते, कार्डाचं मशीन देणारी कंपनी तेच मागते, कधी गाळ्याचा मालकही तेच मागतो. कायद्यात आता फक्त सूचनेची पोच उरली आहे, पण समोरच्याला लायसन्सच हवं असतं. मग ती बाई एजंटकडे जाते आणि फुकट मिळणाऱ्या कागदासाठी पैसे मोजते. केंद्र सरकारकडे लहान उद्योगांची जी ‘उद्यम’ नोंदणी होते, तिचंही हेच झालं आहे. १ जुलै २०२० पासून ती पूर्ण मोफत आहे, तरी ती करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्यांची दुकानं जोरात चालू आहेत.

दुसरं अन्न सुरक्षेचं. २००६ च्या कायद्याखाली २०११ साली जे नियम झाले, त्यांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठेवलं होतं. उलाढाल त्यापुढे गेली की राज्याचा परवाना, तो वर्षाला २,००० रुपयांपासून. १२ लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. त्याला ३६५ ने भागा. रोजची विक्री तीन हजार तीनशेच्या खाली आली. पोळीभाजीचा डबा सत्तर-ऐंशी रुपयांना धरला तर रोज चाळीस-पंचेचाळीस डबे. म्हणजे केंद्र नीट चालायला लागलं, दोन बायकांचा पगार सुटायला लागला, की शुल्क एकदम वीसपट व्हायचं आणि कागदपत्रं त्याहून जास्त वाढायची. २०११ साली ओढलेली ही रेघ पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. तेवढ्या काळात गॅस, तेल, कणीक, मजुरी सगळं वाढलं, म्हणजे पोळ्या तेवढ्याच विकूनही बाई रेघेच्या पलीकडे गेली.

तिसरं महापालिकेचं, आणि खरा गुंता इथे आहे. नाव शहरागणिक बदलतं : कुठे व्यवसाय परवाना, कुठे उद्योगधंदा परवाना, कुठे आरोग्य परवाना, कुठे साठा परवाना. गावात ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, गोव्यात पंचायतीचं किंवा पालिकेचं ट्रेड लायसन्स. अर्जासोबत भाडेकरार, गाळ्याची मालमत्ता कर भरल्याची पावती, अग्निशमनचा ना-हरकत, कामगारांची वैद्यकीय तपासणी, कीटकनाशक फवारणीचं प्रमाणपत्र असं एकेक जोडायचं. मालमत्ता कर मालकाने थकवला असेल तर अडते ती भाडेकरू. तिने मालकाला दोनदा सांगितलं तर मालक म्हणतो, गाळा सोडा, दुसरं कोणी घेईल. वर दुकानावरचा फलक वेगळ्या खिडकीवर जातो. पुणे महापालिकेत त्याच्यासाठी ‘आकाशचिन्ह व परवाना’ नावाचा विभागच आहे.

चौथा व्यवसाय कर. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आता हिशेब करा. पावत्यांची बेरीज कदाचित पाच-सात हजारांवर थांबेल. पण प्रत्येक खिडकी सकाळी दहा ते दुपारी दोन उघडी असते आणि पोळीभाजी केंद्राची कमाईही नेमकी त्याच वेळात होते. एका खिडकीवरच्या एका फेरीत तिची अख्ख्या दिवसाची विक्री बुडते. साहेब साइटवर गेलेले असतील तर दोन दिवसांची. म्हणून ती एजंट धरते. एजंटला शिव्या घालणं सोपं आहे, पण तो विकतो ती एकच वस्तू : कुठला कागद कुठल्या क्रमाने, कुणाच्या टेबलावर ठेवायचा याची माहिती. ही माहिती महापालिकेने भिंतीवर लावली असती तर एजंटचा धंदा चालला नसता. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, सेवा मुदतीत दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूदही त्यात आहे. पण मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरवणारा तोच विभाग असतो. एक त्रुटी काढली की घड्याळ पुन्हा शून्यावर.

शुल्क ठरवण्याची पद्धतही पाहायला हवी. बऱ्याच ठिकाणी ते जागेच्या क्षेत्रफळावर ठरतं. वरवर हे न्याय्य वाटतं, मोठं दुकान जास्त पैसे. प्रत्यक्षात पिठाच्या गिरणीला जागा लागते, सुताराला लाकूड ठेवायला जागा लागते, लाँड्रीवाल्याला आणि भंगारवाल्याला तर लागतेच. सराफाला लागत नाही. मोबाइल विकणाऱ्याला लागत नाही. कमी नफ्याचा, अंगमेहनतीचा धंदा जागा खातो आणि जास्त नफ्याचा धंदा दहा बाय दहात मावतो. क्षेत्रफळावरचं शुल्क म्हणजे घाम गाळणाऱ्यावर थोडा जास्त बोजा, हे दर ठरवणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं, असं मी समजतो.

पण मूळ प्रश्न दराचा नाहीच. शुल्क म्हणजे काय, हा आहे.

कर आणि शुल्क यांत आपल्या राज्यघटनेने फरक केला आहे आणि न्यायालयांनी तो अनेकदा समजावून सांगितला आहे. १९५४ च्या शिरूर मठाच्या प्रसिद्ध निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कर हा सर्वांच्या सामाईक खर्चासाठी असतो आणि त्याच्या बदल्यात काही ठरावीक मिळावं असा हक्क नसतो. शुल्क मात्र विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घ्यायचं असतं. या विषयावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा निकाल १९६८ चा, वाराणसी महापालिकेच्या विरोधातला. पालिकेने सायकलरिक्षांवर वार्षिक परवाना शुल्क लावलं होतं, मालकाला ३० रुपये आणि चालकाला ५ रुपये. रिक्षावाल्यांनी दाद मागितली. पालिका म्हणाली, आम्ही रस्ते करतो, गल्ल्यांमध्ये फरसबंदी करतो, दिवे लावतो, त्याचा खर्च या शुल्कातून निघतो. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. रस्ते आणि दिवे ही पालिकेची कायद्याने ठरलेली कर्तव्यंच आहेत, ती सर्व नागरिकांसाठी आहेत. रिक्षावाल्यांसाठी वेगळं काय केलं ते दाखवा. पालिकेला दाखवता आलं नाही आणि शुल्क रद्द झालं. पाच रुपयांच्या शुल्कासाठी माणसं देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि जिंकली, हे आजच्या प्रत्येक दुकानदाराला माहीत असायला हवं.

नंतर मात्र वारं फिरलं, आणि त्याची चाहूल आधीच लागली होती. १९६५ मध्येच कलकत्त्याच्या लिबर्टी सिनेमाच्या प्रकरणात, वर्षाला ४०० रुपयांचं परवाना शुल्क ६,००० वर नेलं तेव्हा, बहुमताने हे नावाला शुल्क असलं तरी प्रत्यक्षात कर आहे आणि तो लावायचा अधिकार पालिकेला आहे, असा निकाल दिला होता. पुढे नव्वदच्या दशकात नियमनासाठी घेतलेल्या शुल्काला सेवेचा काटेकोर मोबदला दाखवावा लागत नाही, ही भूमिका पक्की झाली. १९९९ चा हैदराबाद-सिकंदराबादच्या हॉटेलमालकांचा निकाल त्याच वळणाचा. देखरेख ठेवणं हेच शुल्काचं कारण पुरेसं आहे, रुपयाला रुपया जुळायला नको, असा त्याचा अर्थ.

कायदा म्हणून मला हे मान्य आहे. देखरेखीला माणसं लागतात, गाड्या लागतात, प्रयोगशाळा लागतात. पण मग देखरेख झाली पाहिजे! नियमनाच्या नावाने पैसे घेतले आणि नियमन केलंच नाही, तर त्या पैशाला कुठल्या अर्थाने शुल्क म्हणायचं? न्यायालय हिशेब मागत नसेल, तर तो मागणं नागरिकांचं काम आहे.

डिसेंबर २०१७ आठवा. नवा दुकाने कायदा लागू झाला तो हाच महिना. १८ तारखेच्या पहाटे मुंबईत साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाण बनवणाऱ्या गाळ्याला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार गेले. त्यानंतर अकरा दिवसांनी, २९ तारखेला, कमला मिलमधल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जीव गेले. एकीकडे दाटीवाटीचा गाळा, दुसरीकडे शहरातली महागडी जागा. कमला मिलच्या चौकशीसाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती सावंत यांच्या समितीने महापालिका आणि उत्पादन शुल्क विभागाने परवाने देताना केलेल्या हलगर्जीवर बोट ठेवलं. म्हणजे परवाना होता, पैसे भरले होते, कागद फाइलला लागले होते. गच्चीवर काय उभं आहे हे पाहायला जो माणूस जायला हवा होता, त्याचं जाणं त्या परवान्यात कुठेच नव्हतं.

अशा प्रत्येक आगीनंतर काय होतं ते आपण पाहतो. महिनाभर पथकं फिरतात, नोटिसा निघतात, पोटमाळे पाडले जातात, गल्लीतल्या चहावाल्याचा सिलिंडर उचलून नेला जातो. मग सगळं शांत. छोट्या दुकानदाराला तपासणी भेटते ती शिक्षा म्हणून, तीही दुसऱ्याच्या चुकीनंतर. वर्षभर त्याने भरलेल्या शुल्कातून कोणी येऊन ‘ही वायर बदला, हे दार बाहेर उघडेल असं करा, सिलिंडर इथे नका ठेवू’ असं सांगितलं असतं, तर ते पैसे त्याने आनंदाने दिले असते. साकीनाक्यातल्या त्या १२ जणांसाठी मला हा लेख लिहावासा वाटतो, दोन हजार रुपयांसाठी नाही.

शुल्क घेऊन काम करणारं खातं आपल्याकडे आहे आणि ते प्रत्येक भाजीवाल्याला माहीत आहे : वैधमापन शास्त्र खातं, म्हणजे वजनमापवाले. २००९ चा कायदा आणि २०११ चे नियम यांनुसार इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी आणि साधी वजनं व तराजू दर दोन वर्षांनी पडताळून घ्यावे लागतात. दुकानदार शुल्क भरतो, निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतो, बरोबर असेल तर शिक्का मारतो, सील लावतो, प्रमाणपत्र देतो. या खात्यातही तक्रारी असतील, शिबिरात घाईघाईने शिक्के मारले जात असतील. पण व्यवहाराचा सांगाडा पाहा. पैशाच्या बदल्यात एक काम झालं, ते वस्तूवर दिसतं, तारखेसह दिसतं, आणि काट्यासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही दिसतं. शुल्क कसं असावं याचा नमुना शोधायला परदेशात जायची गरज नाही, किराणा दुकानाच्या काट्यावर तो लावलेला आहे. महापालिकेच्या परवान्यावर मात्र शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, काय आढळलं, यातलं एक अक्षर नसतं. मुदत संपण्याची तारीख मात्र ठळक असते.

आता व्यवसाय कर. हा राज्याचा कर आहे, स्थानिक नाही, पण धंदा करण्याच्या परवानगीसोबतच तो दुकानदाराच्या माथी येतो आणि त्याचा इतिहास मला फार बोलका वाटतो. मराठी मुलुखात कारागीर आणि दुकानदारांवर पूर्वी मोहतर्फा नावाचा कर असे. १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने इंग्रजांनी मुंबई इलाख्यातल्या शहरजकाती, मोहतर्फा आणि धंद्यांवरचे कर रद्द केले. पस्तीस वर्षंही झाली नाहीत तोच १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने दुष्काळ निधीच्या नावाने १८७८ मध्ये लायसन्स टॅक्स आणला. तो लहान व्यापारी आणि कारागिरांवर पडला. सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर मोकळे राहिले. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेत दुकानं बंद झाली आणि दंगल उसळली. पुढे १८८० मध्ये वर्षाला ५०० रुपयांखालची मिळकत वगळली, तेव्हा कुठे लहान माणूस सुटला.

शंभर वर्षांनी महाराष्ट्रात पुन्हा दुष्काळ पडला, १९७२ चा. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. हेतू उदात्त होता, शहरातल्या नोकरदाराने आणि व्यापाऱ्याने खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं. मी त्या हेतूपुढे नतमस्तक आहे. पण घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती, ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि तिथेच थांबली. परिणाम असा की महिन्याला दहा हजारांच्या वर पगार असणारा माणूस महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० भरतो, आपली पोळीभाजीवाली नोंदणी करून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बहुधा २,५०० भरते, आणि कोट्यवधींची उलाढाल असणारा उद्योजकही व्यक्ती म्हणून २,५०० भरतो. २०२३ मध्ये राज्याने महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना या करातून सूट दिली. चांगलं केलं. पण ती सूट पगारदार स्त्रियांना आहे. स्वतःचा तवा तापवून तेवढंच मिळवणाऱ्या बाईला ती का नसावी, याचं उत्तर मला कुठेही सापडत नाही. कर समान असला की न्याय्य असतो, ही समजूत १८७८ मध्ये चुकीची होती आणि आजही आहे.

महापालिकांची बाजू न मांडता पुढे जाणं बरोबर होणार नाही, कारण ती बाजू खरी आहे. जकात हा शहरांचा कणा होता. जकातीच्या जागी २०१० पासून एकेका शहरात स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याविरुद्ध मोठा बंद केला, ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला तो माफ झाला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईची जकातही गेली. बदल्यात राज्य सरकारकडून भरपाई येते, पण ती दुसऱ्याच्या हातून येते. स्वतःच्या हाताने लावता येतील असे मार्ग उरले ते मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क आणि हे परवाने. मालमत्ता कर वाढवला की मतदार चिडतो. परवाना शुल्क वाढवलं की चिडतात ते काही हजार दुकानदार, आणि त्यांतले कित्येक त्या शहराचे मतदारही नसतात. पैशाची चणचण असलेल्या आयुक्ताची नजर कुठे जाईल हे उघड आहे.

म्हणूनच ही वाट अडवायला हवी. शहराला पैसे हवे असतील तर सर्वांवर कर लावावा, सभागृहात चर्चा करून लावावा आणि त्याचं राजकीय उत्तर द्यावं. परवान्याच्या आडून महसूल गोळा केला की दोन नुकसानं होतात. सुरक्षेसाठी घेतलेले पैसे सुरक्षेवर जात नाहीत, आणि परवाना हा शब्दच लोकांच्या मनातून उतरतो. तो सुरक्षेचा पुरावा न राहता वसुलीची पावती होतो. शिवाय गेल्या काही वर्षांत सभागृहच नव्हतं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. राज्यातल्या बाकी महापालिकाही वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. या काळात जे जे दर ठरले, ते ठरवणाऱ्याला एकाही दुकानदाराने निवडून दिलेलं नव्हतं.

आणि या सगळ्याच्या बाहेर उभा असलेला एक मोठा वर्ग आहे, ज्याला शुल्क भरायचं आहे आणि कोणी भरून घेत नाही. फेरीवाले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना सर्वेक्षण, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती आणि त्या समितीत ४० टक्के प्रतिनिधित्व दिलं. मुंबईत त्याच वर्षी सर्वेक्षण झालं, एक लाखाच्या आसपास अर्ज आले. समितीची निवडणूक व्हायला २०२४ उजाडलं आणि मतदार यादीत सुमारे ३२ हजार नावं होती. राहिलेले कुठे गेले? कुठेच गेले नाहीत, रोज त्याच पदपथावर आहेत. ते पैसे देत नाहीत असं कोणी समजू नये. रोज देतात, पावतीशिवाय देतात, आणि गाडी आली की माल गोळा करून पळतातही. शहराच्या तिजोरीत जाऊ शकणारी रक्कम वाटेतच मुरते आणि बदल्यात त्यांना उद्याची खात्रीसुद्धा मिळत नाही. परवाना न देण्याची किंमतही कोणीतरी मोजतं, आणि ती परवान्यापेक्षा नेहमी जास्त असते.

मी परवाना पद्धत सरसकट रद्द करा म्हणणाऱ्यांतला नाही. तळणीची कढई, गॅसच्या टाक्या, रसायनं, मांस, दूध, तळघर, गर्दीची गच्ची यांच्यावर देखरेख हवीच, आणि तिच्यासाठी आज आहे त्याहून जास्त शुल्क लागलं तरी मी त्याची बाजू घेईन. पण स्टेशनरी, शिवणकाम, झेरॉक्स, चप्पलदुरुस्ती, कापड, घड्याळदुरुस्ती यांना स्थानिक परवाना कशासाठी? राज्याच्या कायद्याने सूचना पुरे म्हटलं असेल तर महापालिकेलाही ती पुरे झाली पाहिजे. एका संगणकावर आलेली माहिती दुसऱ्या संगणकावर पाठवणं एवढंच काम आहे. गाळ्याचा मालमत्ता कर मालकाकडून वसूल करा, भाडेकरूचा परवाना त्याला बांधू नका. क्षेत्रफळाऐवजी धोका पाहून दर ठरवा. नूतनीकरणाचा अर्ज दुकानदाराने करायचा नसून तपासणीची तारीख महापालिकेने कळवायची, तपासायला कोणी आलं नाही तर त्या वर्षाचं शुल्क घ्यायचं नाही आणि परवाना चालू राहील, असा नियम करा. हा एक नियम झाला तर बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ होतील, कारण मग न तपासण्याची किंमत दुकानदाराऐवजी विभागाला मोजावी लागेल.

तपासणीमुळे हप्ते वाढतील, अशी भीती मला अनेक दुकानदारांनी बोलून दाखवली आहे. ती मी हलकी मानत नाही. जेवढे निरीक्षक तेवढे हात, हा त्यांचा अनुभव आहे. पण हप्ता चालतो तो तोंडी तपासणीवर. कुठलं दुकान कोण तपासणार हे विभागाच्या हातात न ठेवता सोडतीने ठरवलं, तपासायच्या पंधरा-वीस गोष्टींची यादी आधीच दुकानदाराच्या हातात दिली, अहवाल त्याच दिवशी त्याला मिळाला आणि दारावर लावला, तर निरीक्षकाला अडवणूक करायला जागा कमी उरते. गिऱ्हाइकालाही त्या कागदाचा उपयोग होतो. कुठल्या पोळीभाजी केंद्रात मुलाचा डबा लावायचा हे ठरवताना आईबापांना आज नाव आणि वास यांखेरीज हातात काहीच नसतं.

यातलं बरंचसं कायदा न बदलता करता येईल. परवान्याचे दर आयुक्त महापालिकेच्या मंजुरीने ठरवतात, म्हणजे सभागृहाला त्यात अधिकार आहे, आणि आता सभागृहं पुन्हा भरली आहेत. नगरसेवकांनी अंदाजपत्रकावर बोलताना एक तक्ता मागावा. गेल्या वर्षी परवाना शुल्कातून प्रभागवार किती जमा झालं, त्यापैकी परवाना आणि आरोग्य विभागाच्या तपासणीवर किती खर्च झालं, किती दुकानं प्रत्यक्ष पाहिली, किती ठिकाणी त्रुटी सापडल्या आणि त्यांतल्या किती दुरुस्त झाल्या. व्यापारी संघटनांनीही दरवाढ रद्द करा एवढ्यावर न थांबता हाच तक्ता लेखी मागावा, आणि तो मिळेपर्यंत कुठल्याही नव्या दराला सभागृहाने मंजुरी देऊ नये.